रविवारचा गिरणगाव वॉक : आईला घेऊन गेले होते, जरा सविस्तर लिहितेय

दोन रविवारांपूर्वी आईला घेऊन गिरणगावचा, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापड गिरण्यांच्या भागाचा वॉक केला, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज दुपारी निवांत वेळ मिळालाय तर एकदाच नीट लिहून टाकते. या वॉकला असं काही नाव नाही. तिघं मिळून चालवतात, दोन मुली आणि एक मुलगा, तिघांचीही घरं लालबाग-परळच्या चाळीतली, आठवडाभर नोकऱ्या करतात आणि महिन्यातले दोन रविवार हे करतात. व्हॉट्सअॅपवर फक्त एवढाच मेसेज येतो की रविवारी साडेसात, परळ स्टेशन, पूर्व बाजू, पायात चालायचं काहीतरी घाला. माणशी ३५० रुपये, त्यात नाश्ता आला, आणि ज्यांच्या घरात कोणी गिरणीत होतं त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. आईचे घेतलेच नाहीत, माझेही नको म्हणत होते पण मी दिले. साधारण वीस माणसं, साडेतीन तास. मी ५ पैकी साडेचार देईन, अर्धा कशाला कापला ते पुढे येईलच.

खरं सांगायचं तर मी जरा धास्तावूनच गेले होते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचा असाच वॉक केला होता, पैसे याच्या चौपट, आणि तिथे सगळं इमारतींबद्दल, कोणत्या शेटने कोणती गिरणी बांधली, चिमणी किती उंच, १८५४ मधे कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढली तिथपासून ते आता त्याच पट्ट्यातल्या टॉवरमधे फ्लॅट केवढ्याला जातो तिथपर्यंत सगळं सांगितलं, पण मधल्या काळात आत राबत कोण होतं त्यांच्यासाठी 'लेबर' हा एक शब्द. आई तेव्हाही बरोबर होती. येताना ट्रेनमधे ती एक शब्द बोलली नाही आणि ते मला फार लागलं, कारण तिचे वडील ३१ वर्षं गिरणीत स्पिनिंगला, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, काळाचौकीच्या चाळीत बारा माणसांची खानावळ चालवायची. म्हणून यावेळी तिला विचारताना पण मला भीती वाटत होती, ती म्हणाली चल, रविवारी नाहीतरी काय करतेय.

यांनी सुरुवातच वेगळी केली. स्टेशनवरून आधी कामगार मैदानात नेलं, मुलं क्रिकेट खेळत होती, एका कडेला आम्हाला उभं केलं आणि त्यातल्या मोठ्या मुलीने विचारलं की या मैदानात हजारोंच्या सभा व्हायच्या, तर माणसं जमायची कशी? फोन नाही, बहुतेकांना वाचता येत नाही, दिवसभर काम. भाषण कोणी केलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण आदल्या रात्री दारोदार कोण फिरलं? पूर्ण वॉक या एका प्रश्नावर बांधलाय आणि माझ्या मते म्हणूनच तो इतका चांगला झालाय. पुतळे आणि पाट्या दाखवत फिरवणं सोपं असतं, हे अवघड आहे.

पहिली गोष्ट लोखंड्यांची. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते आणि दीनबंधू हे पत्र चालवायचे. १८८४ मधे त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आठवड्यातून एक दिवस सुट्टी पाहिजे, दुपारी अर्धा तास विश्रांती पाहिजे, पगार वेळेवर पाहिजे, कामात जखमी झालेल्याला काहीतरी मिळालं पाहिजे. हे मी शाळेत एका ओळीत वाचलं होतं, पण ही मुलगी म्हणाली जरा विचार करा, साडेपाच हजार म्हणजे काय, त्यातल्या किती जणांना सही येत असेल, म्हणजे प्रत्येकापाशी कोणीतरी जाऊन बसलं असेल, अर्ज वाचून दाखवला असेल, मालकाला कळलं तर काय होईल या भीतीवर बोललं असेल. तो जाऊन बसणारा माणूस कोण होता? त्याचं नाव कुठेच नाही. मग १८९० च्या एप्रिलमधे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आम्ही रविवारीच उभे होतो तिथे. कोणीतरी घड्याळाकडे बघितलं आणि सगळे एक क्षण गप्प झाले, मला अंगावर काटा आला.

तिथून पोयबावाडीतली बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, जिथे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले, आणि मग दामोदर हॉलच्या जागेसमोर, जिथे १९२४ मधे बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची बैठक झाली आणि नंतर ऑफिसही तिथेच होतं. इतक्यांदा केईएम हॉस्पिटलला जाताना या रस्त्याने गेलेय पण दोन्ही जागा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत हे पायी चालल्याशिवाय कळत नाही. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर गिरणी कामगारांच्या चाळीत, कॉमन गॅलरीत राहतोय, आणि न्याय मागायला आलेला माणूस जिना चढून थेट दारात येतोय. चळवळ घरातून चालायची म्हणजे काय ते इथे दिसतं.

परळ नाक्याला दळवी बिल्डिंगसमोर १९२८ च्या संपाचं सांगितलं, हा भाग दुसऱ्या मुलीने घेतला आणि तिची तयारी जबरदस्त आहे. गिरणीमालकांनी एका विणकराला दोनच्या जागी तीन माग सांभाळायला लावायला सुरुवात केली, म्हणजे तीन माणसांतलं एक घरी, आणि एप्रिल ते ऑक्टोबर जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, लाख-दीड लाख कामगार. त्याच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे कम्युनिस्टांचा लाल बावटा, उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर ही पुढाऱ्यांची नावं माहीत असतात, पण तिने आळवे आणि कासले या दोघांवर वेळ दिला, जे मुळात गिरणीतच काम केलेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीची कामगारांचीच एक समिती, खात्या-खात्यातली माणसं त्यात, तक्रार आली की आधी तिथे बघायची, वर्गणी त्यांनीच गोळा करायची, निरोप त्यांनीच न्यायचा. त्या वर्षाच्या शेवटी युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले होते. भाषणांनी एवढे सभासद होत नाहीत हो, प्रत्येक खात्यात पावती पुस्तक घेऊन फिरणारा एक माणूस लागतो.

आता अर्धा गुण कशाचा कापला. याच ठिकाणी तिने सांगितलं की दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्यात (मागावर आडवा धागा नेतो तो) सुताची कांडी बसवताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि बाकीच्या कामगारांना त्याचा विटाळ वाटायचा, आणि विणकाम खात्यात पगार जास्त म्हणून हा थेट पोटावर पाय होता. आणि बाबासाहेबांनी त्या संपातच युनियनच्या पुढाऱ्यांना सांगितलं की ही बंदी उठवायची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी संपात कशाला उतरायचं. हे सगळं बरोबर आहे, पण साडेतीन तासांत याला तीन-चार मिनिटं? गिरणीत पाण्याचे माठसुद्धा वेगळे असायचे. एकाच मागणीपत्रकावर सही करणारे दोघं एका माठातलं पाणी पिऊ शकत नव्हते, हे गिरणगावच्या चळवळीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि ते घाईत सांगायची गोष्टच नाही. आणि त्यापुढचं तर राहूनच गेलं, की दहाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्कावर बंधन आणणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटावाले एकत्र येऊन त्यांनी एक दिवसाचा संप केला होता. १९२८ ते १९३८ या दहा वर्षांत काय घडलं म्हणून हे शक्य झालं, कोण कोणाच्या दारात गेलं, हे मला ऐकायचं होतं. मी वॉकनंतर तिला सरळ सांगितलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही, वहीत लिहून घेतलं, म्हणाली ताई, इथे आम्ही दोघी दर वेळी भांडतो की किती वेळ द्यायचा. तर पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी बघा बदललंय का.

नाश्ता. याच्यासाठी वेगळा गुण असता तर मी पूर्ण दिला असता. लालबागच्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर एक मावशी अजून घरातूनच डबे देतात, तिथे दोन तुकड्यांत बसवलं, दहा आत आणि दहा बाहेर गॅलरीत चटईवर. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, कांदा आणि शेवटी चहा. प्लेट वगैरे सजावट नाही, स्टीलच्या ताटल्या. भाकरी गरम तव्यावरून थेट ताटात येत होती आणि मावशी प्रत्येकाला विचारत होत्या अजून एक वाढू का. मी दोन खाल्ल्या. ठेचा तिखट आहे, लहान मुलं असतील तर आधी सांगा, त्या दही देतात.

आणि खाताना खानावळीची गोष्ट. गिरणगावात माणसं कोकणातून, साताऱ्याकडून यायची ती बहुतेक एकटी, बायको-मुलं गावाला, एका खोलीत पंधरा-वीस जण, एकाची पाळी सुटली की दुसरा उठून जाणार आणि पहिला त्याच जागेवर झोपणार. त्यांना जेवण कोण घालणार, तर चाळीतल्याच बायका. महिनाभर डबा, पगार झाला की पैसे. आता संप झाला की पगार नाही, पगार नाही की खानावळीला पैसे नाहीत, पण डबा बंद करणार कसा, माणूस तर रोज जेवायला येतोय. म्हणजे संप किती दिवस टिकणार हे बऱ्याच वेळा खानावळवाल्या बाईच्या उधारीवर ठरायचं. तिचं नाव युनियनच्या कुठल्याच कागदावर नाही. १९७५ मधे प्रेमाताई पुरवांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. प्रेमाताई आधी गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, मग कामगार चळवळीत, आणि त्यांना दिसलं की चळवळीला जेवू घालणाऱ्या बाईकडे चळवळीचंच लक्ष नाही.

इथे आई पहिल्यांदा बोलली. तोपर्यंत मागे मागेच चालत होती. म्हणाली, माझ्या आईचे तांब्याचे दोन हंडे आणि पितळी परात ब्याऐंशीच्या संपात सावकाराकडे गेली, परात परत आली, हंडे नाही आले. एवढंच. कोणी काही बोललं नाही. त्या मावशींनी आईच्या ताटात न विचारता अजून एक भाकरी वाढली.

मग चालत भारतमाताच्या बाजूने करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोड, म्हणजे ना. म. जोशी मार्ग. जोशींबद्दल थोडक्यात सांगितलं, १९११ ची सोशल सर्व्हिस लीग, १९२० मधे आयटक या देशभरातल्या कामगार संघटनेची स्थापना मुंबईत झाली त्यातला त्यांचा वाटा वगैरे, ते ठीक. पण खरी मजा बीडीडी चाळीत आली. या भागात ३२ इमारती होत्या, वरळीला १२१, नायगावला ४२, १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या म्हणून बीडीडी. तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर २० खोल्या, एका इमारतीत ८०, खोली १६० स्क्वेअर फूट. आता पुनर्विकास चाललाय, ५०० फुटांचे फ्लॅट मिळतायत आणि ते मिळालेच पाहिजेत, १६० फुटांत तीन पिढ्या काढणाऱ्यांना चाळ किती छान हे बाहेरच्यांनी सांगू नये. या वॉकमधे तसलं काही रडगाणं नाही, हेही मला आवडलं.

तिथे जिन्याच्या पायऱ्यांवर आम्हाला बसवून त्यांनी एक खेळ घेतला. प्रत्येकाला चिठ्ठी, त्यावर मजला आणि खोली नंबर. संध्याकाळचे सहा वाजलेत, उद्या सकाळच्या पाळीला गेटवर मीटिंग आहे, रात्री नऊच्या आत ८० खोल्यांत निरोप गेला पाहिजे, फोन नाही, जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला कळता कामा नये, आणि तुम्ही इमारतीत फक्त तिघांना ओळखता. कोणाकडे आधी जाल? आमच्यातल्या एकाने सांगितलं पोस्टर लावू, दुसरा म्हणाला खाली अंगणात ओरडून सांगू, एक कॉलेजची मुलगी म्हणाली प्रत्येक दार वाजवू, तर हिशोब केला की एका दाराला पाच मिनिटं धरली तरी ८० दारांना जवळजवळ पावणेसात तास, आणि लोक आपापल्या वेळेला घरी असणार की नाही तेही माहीत नाही.

आई म्हणाली, आमच्या चाळीत नळावर सांगायचे. वीस खोल्यांतल्या वीस बायका नळावर यायच्याच, एकीला सांगितलं की पुरे, आणि पुरुषांना कळायच्या आधी बायकांना कळलेलं असायचं. आणि दुसरं कोणाला सांगायचं तर भिशीवाल्याला.

वॉक घेणारी मुलगी एकदम उठून उभी राहिली, म्हणाली काकी, भिशीवाल्याचं नीट सांगा. तर आईने सांगितलं की मजल्यावर एक माणूस असा असायचाच की ज्याच्याकडे सगळ्यांचे पैसे. भिशी त्याच्याकडे, गणपतीची वर्गणी त्याच्याकडे, गावकीच्या मंडळाचा हिशोब त्याच्याकडे, कोणी मेलं तर गावाला पाठवायचे पैसे तोच गोळा करणार. त्याचं शिक्षण चौथी असेल, भाषण त्याला येत नव्हतं, पण वीस वर्षांत त्याच्या वहीत एक आणा इकडचा तिकडे झाला नव्हता. संपाचा फंड पण त्याच्याकडेच यायचा कारण दुसऱ्या कोणाकडे दिलाच नसता लोकांनी.

हे ऐकल्यापासून मी विचार करतेय. आपण नेहमी म्हणतो की आता तशी एकजूट राहिली नाही, माणसं बदलली, आणि मोबाईलला नावं ठेवतो. माणसं तीच आहेत. आमच्या सोसायटीत ११० फ्लॅट आहेत आणि ज्याच्या हातात वीस वर्षं वही आहे असा एक माणूस नाही, लिफ्टच्या पैशावरून सुद्धा दर महिन्याला संशय. लढा उभा राहायच्या आधी हे छोटं छोटं विश्वासाचं काम वर्षानुवर्षं झालेलं असतं, ते दिसत नाही आणि मग आपल्याला वाटतं एका नेत्याने हाक दिली आणि लाखो लोक आले.

१९८२ चा भाग मात्र त्यांनी सुधारायला हवा असं आईचं म्हणणं पडलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळं नीट सांगितलं, बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याचंही छान समजावलं, म्हणजे १९४६ च्या त्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात मान्यताप्राप्त युनियन एकच आणि बोलणी फक्त तिच्याशी, मग कामगार कितीही लाखांनी दुसऱ्याच्या मागे गेले तरी कायद्याच्या नजरेत ते नाहीतच. पण शेवटी तो मुलगा म्हणाला की संप फसला. आई म्हणाली बाळा, फसला म्हणू नकोस, आमच्यातल्या कोणी तो मागे घेतलेला नाही. आणि ते खरंच आहे, तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. मी स्वतः या बाबतीत आईच्या पूर्ण बाजूने नाही. आजोबांची नोकरी गेली ती गेली, मामाचं शिक्षण सुटलं, अर्धी चाळ गावाला गेली, याला दुसरं काय म्हणायचं. पण आईचा मुद्दा असा होता की गावावरून एसटीच्या टपावर टाकून तांदळाची पोती येत होती, ज्यांच्याकडे एक वेळचं होतं ते दोन घरांत वाटत होतं, ते काही फसलेलं नव्हतं. आणि नंतर बंद गिरण्यांच्या कामगारांनी घरांसाठी जो लढा दिला तो याच माणसांनी, याच वह्यांनी दिला. त्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि दोनदा विचारलं की मग काकी, मी काय शब्द वापरू. आईला पटकन शब्द सुचला नाही. पण विचारलं याचं तिला फार बरं वाटलं.

शेवटचा भाग व्यायामशाळेच्या ओट्यावर, अमेरिकेचा. वाचून वाटेल लालबागमधे अमेरिका कशाला, मलाही वाटलं होतं, पण मला तर हा भाग अख्ख्या वॉकचा दागिना वाटला आणि तोच घाईत उरकला, अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं, पाच-सहा जण निघून गेले होते. मुद्दा असा की १९५५ मधे माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस, आणि आपल्याला त्यातलं काय माहीत असतं तर रोझा पार्क्स ही काळी बाई थकून बसली होती म्हणून बसमधे गोऱ्या माणसासाठी जागा सोडून उठली नाही आणि मार्टिन ल्यूथर किंगने भाषण केलं. प्रत्यक्षात रोझा पार्क्स कित्येक वर्षं एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेची सेक्रेटरी होती. तिला सोडवायला गेलेला ई. डी. निक्सन हा रेल्वेच्या पोर्टर लोकांच्या युनियनचा माणूस. तिला अटक झाली गुरुवारी, त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या शिक्षिकेने आपल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन हजारो पत्रकं छापली, शुक्रवारी ती महिलांच्या संघटनेने शहरभर वाटली आणि सोमवारी बस रिकाम्या धावल्या. किंग तेव्हा २६ वर्षांचा, गावात नवीन. म्हणजे वही आधीच तयार होती.

आणि मग जॉर्जिया गिलमोर. ही स्वयंपाकीण. बहिष्काराच्या बाजूने बोलल्यामुळे हॉटेलातली नोकरी गेली, तर घरी स्वयंपाक करून विकायला लागली, बायकांचा एक गटही तिने केला होता, जेवण, केक, 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ विकून जे पैसे यायचे ते लोकांना कामावर ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला. गटाचं नाव असं ठेवलं की पैसे कुठून आले विचारलं तर सांगायचं, कुठूनच नाही.

आई म्हणाली, म्हणजे तिचीपण खानावळच की.

त्या मुलाने मग पुढचं पटापट सांगितलं, की किंग १९५९ मधे मुंबईत आले तेव्हा मणिभवनला राहिले होते, की अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन १९७२ मधे इथे दलित पँथर उभी राहिली, जानेवारी १९७४ मधे वरळीच्या बीडीडीत दंगल पेटली आणि त्यानंतरच्या मोर्चात परळला वरून टाकलेल्या दगडाने पँथरच्या भागवत जाधवचा जीव गेला. या शेवटच्या वाक्यावर थांबायला हवं होतं. आम्ही ज्या रस्त्यांवरून सकाळी चालत आलो त्याच भागात हे झालंय, तर तिथेच उभं राहून सांगायला पाहिजे, ओट्यावर बसून शेवटच्या दोन मिनिटांत नाही. माझं तर म्हणणं आहे की दामोदर हॉल, विणकाम खातं, १९३८ आणि पँथर असा एक वेगळा वॉकच काढा, आम्ही परत येऊ.

बाकी व्यवस्थेबद्दल. मराठीतच बोलतात, दोघं-तिघं अमराठी होते त्यांना मधून मधून हिंदीत सांगत होते, कोणाचं अडलं नाही. छोटा स्पीकर गळ्यात असतो पण परळ नाक्याला ट्रॅफिकमधे काही ऐकू येत नाही, पुढे उभे राहा. एक छापील कागद देतात, त्यात साल आणि ठिकाणं आहेत, नकाशा नाही, तो असायला हवा. टॉयलेट स्टेशनला आणि मग थेट नाश्त्याच्या वेळी, वयस्कर माणसं असतील तर हे लक्षात ठेवा. जिने चढावे लागतात, पण आईचे गुडघे दुखतात तरी तिला जमलं, दोन ठिकाणी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली न मागता. चाळीत शिरताना मोबाईल खिशात ठेवायला लावतात आणि कोणाच्या दाराचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू देत नाहीत, एकाने काढला तर लगेच डिलिट करायला सांगितला. हे तर मला शंभर टक्के पटलं. मार्च ते मे जाऊ नका, अकरानंतर सावली नाही. घरात आई-वडील, आजी-आजोबा गिरणगावातले असतील तर त्यांना घेऊनच जा, वॉक निम्मा त्यांच्यामुळेच होतो.

निघताना त्या मोठ्या मुलीने आईचा नंबर घेतला, म्हणाली काकी, तुमच्या मजल्यावर कोण कोण होतं ते एकदा सांगाल का, आम्ही लिहून ठेवतोय. त्या रात्री जेवण झाल्यावर आई वही घेऊन बसली, जिन्यापासून सुरुवात करून एकेक खोली, त्यातली बाई कोण, ती कुठली, घरचा माणूस कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, खानावळ कोणाची, भिशी कोणाकडे. मामाला फोन झाला, मग डोंबिवलीच्या मावशीला, मग मावशीने गावाला कोणाला तरी. वीसपैकी तेरा खोल्या लिहून झाल्यात. कोपऱ्यातल्या दोन बायकांचं माहेरचं गाव आठवतंय पण नाव आठवत नाहीये, त्यासाठी येत्या शनिवारी तिला काळाचौकीला घेऊन जातेय.